पावण्याला पाणी पाजणं

आमच्या मालकांना माणूस आवडला की ते त्याची थट्टा करायचे, आणि नाही आवडला तरी थट्टाच करायचे. फरक एवढाच की नावडत्या माणसाची थट्टा कुठं थांबवायची ते त्यांना कळत नसे. लग्न होऊन मी या घरात आले तेव्हा हे मला कुणीतरी सांगायला हवं होतं. पण मुलीकडच्यांना दुकान किती मोठं आहे ते सांगतात, माणूस कसा आहे ते कोण सांगतो?

दुकान मोठंच होतं. तांब्यापितळेच्या भांड्यांचं. मालकांच्या आजोबांनी ते घातलेलं. हे आजोबा गोकाककडून डोक्यावर घागरी घेऊन कोल्हापुरात आले आणि मरेपर्यंत कानडीच बोलले. गिऱ्हाईक आलं की लहानगा अण्णासो, म्हणजे आमचे मालक, आजोबांच्या मांडीला टेकून बसायचा आणि इकडचं तिकडं, तिकडचं इकडं सांगायचा. पेठेत सगळे त्याला कानड्याचा नातू म्हणायचे. ते त्याच्या फार जिव्हारी लागलेलं असावं, कारण आजोबा गेले आणि घरातली कानडी त्यांच्यामागोमाग गेली. धाकटे बाळासोभावजी तेव्हा पाळण्यात होते, त्यांच्या कानावर ती कधी पडलीच नाही. मी आले तेव्हा घरात नियमच होता, मराठीत बोलायचं. आमच्या लिंगायतांच्या घरांत दोन्ही भाषा सुखानं नांदतात. आमच्या घरात तेवढी एकीला बंदी होती.

आणि बघा नशीब. सगळ्यांत धाकटी बहीण हिरा, तिचं लग्न सासऱ्यांनी मरायच्या आधी ठरवून ठेवलं ते गोकाककडच्याच मुलाशी. चन्नवीर त्याचं नाव. जोंधळ्याची शेती, घरात एकटी आई. सावळा, हडकुळा, हसताना तोंडावर हात धरणारा. मला तो पहिल्या दिवसापासून आवडला, कारण आमच्या घरात जेवून झाल्यावर "जेवण चांगला झाला" असं बाईमाणसाला सांगणारा तो पहिलाच पुरुष. जेवण चांगलं झालं म्हणायचं असतं, पण मला चालत होतं.

हिरा छप्पन साली दिवाळीला माहेरी आली. त्याच दिवसांत राज्यांची वाटणी झाली. बेळगाव आणि त्याच्याबरोबर गोकाक म्हैसूरकडे गेलं, आम्ही मुंबई राज्यात राहिलो. मालकांना तेवढंच निमित्त पुरलं. "माझी बहीण म्हैसूरला नांदणार न्हाय," म्हणाले. "पावण्यानं इकडं यावं, दुकानात बसावं." हिराला कुणी विचारलं नाही. ती रोज अंघोळ झाली की आपली पेटी उघडायची, लुगडी काढायची, पुन्हा घड्या घालायची. तिथं सासूनं, तिच्या कानडीत अत्तीनं, तिला एकेक भांडं हातात धरून कानडी शिकवली होती. ती इथं कुणाशी बोलणार? न्हाणीघरात पाणी ओतताना पुटपुटायची.

वैशाखात चन्नवीर तिला न्यायला आला. शनिवारी दुपारी. अंगणात पाय धुतले आणि हात पुसायच्या आधीच म्हणाला, "हिरा कधी येतो?"

"येतो?" मालक म्हणाले. "हिरा बाप्या हाय व्हय, पावणं?"

बाळासोभावजी हसले. चन्नवीरही तोंडावर हात धरून हसला. त्याला वाटलं, चेष्टा झाली आणि संपली. जेवताना ती पुन्हा निघाली, पानसुपारीला पुन्हा. 'येतो' हा शब्द मालकांनी इतक्या वेळा उगाळला की शेवटी मलाच उठून आत जावंसं वाटलं. चन्नवीर मात्र एकच धरून बसला होता. मंगळवारच्या गाडीनं बायकोला घेऊन जायचं. आई एकटी आहे, पेरणीच्या आधी घर शाकारायचं आहे. जमेल तशा मराठीत तो हेच सांगत होता.

"न्या की," मालक एकदम म्हणाले. "कोण अडवतंय? उद्या रविवार. आमची मंडळी कळंब्याला पोहायला जाती. तुमी चला. आमच्या तळ्याचं पाणी प्या, आन् मंगळवारी हिराला घिऊन जावा."

"मला पोहायला येत न्हाय, अण्णा. आमच्याकडं पाणी घोट्याला लागत न्हाय."

"भोपळा बांधतो की. इथली पोरं सगळी भोपळ्यावरच शिकली."

स्वयंपाकघराच्या दारातून हिरा हळूच काहीतरी कानडीत म्हणाली. 'ब्याड' एवढं मला कळलं, नको म्हणून. चन्नवीरनं तिच्याकडे बघून मान हलवली, म्हणजे काळजी करू नकोस.

"मराठीत," मालक म्हणाले. आवाजही चढवला नाही.

मी काही तळ्यावर नव्हते. बायका कशाला असतील? तिथं काय झालं ते बाळासोभावजींनी मला पुढं सांगितलं, चुलीपुढं बसून, धुराच्या नावाखाली डोळे पुसत. त्यांनी लपवलं काही नाही, हे मात्र मी म्हणेन.

सायकली घेऊन गेले. हे दोघे भाऊ, चन्नवीर मागच्या कॅरियरवर भोपळे मांडीत धरून, आणि मालकांचे मित्र त्र्यंबक मास्तर. हे मास्तर हायस्कुलात इतिहास शिकवायचे आणि रविवारीही थांबायचे नाहीत. तळ्याचं सगळं त्यांना पाठ. संस्थानाच्या काळी बांध कसा घातला, दगड कुठून आणला, इथलं पाणी उताराउतारानं आपल्या आपण शहरात कसं येतं आणि आपण घरी बसून ते कसं पितो. वैशाखाचं तळं उतरलेलं होतं. कडेला गाळाला भेगा पडलेल्या, त्यापुढं शेवाळाचा हिरवा पट्टा, आणि त्यापुढं एकदम खोल काळं पाणी. बाभळीखाली घोंगडं अंथरून त्यांनी माझ्या हातची भाकरी, झुणका आणि ठेचा खाल्ला. वर आंबे. मी चन्नवीरसाठी दही वेगळं बांधून दिलं होतं, कारण त्याला आमचा ठेचा सोसत नसे. ते दही मालकांनी खाल्लं.

खाता खाता मास्तरांनी त्याला मंडळींचा रिवाज समजावून सांगितला. नवा माणूस पहिल्यांदा तळ्यात उतरला की त्याला पाणी पाजायचं. म्हणजे धरून डोकं पाण्यात दाबायचं, आणि 'हरलो' म्हणाला की सोडायचं. हरलो म्हणेपर्यंत सोडायचं नाही. मास्तर स्वतः आपल्या वेळी पाण्यात पाय घालायच्या आधीच हरलो म्हणाले होते, आणि ते अजून अभिमानानं सांगत. चन्नवीरनं मान हलवली. तो सगळ्यालाच मान हलवायचा. घाईघाईच्या मराठीतलं त्याला किती कळलं, देव जाणे.

इथवर सगळं बरं चाललं होतं असं भावजी म्हणतात. मालकही खुशीत होते. मग मास्तरांनी तळ्याचा इतिहास संपवला आणि माणसांच्या इतिहासाला हात घातला. मूळ कोण कुठला, कोण कुठून आला. चन्नवीरला वाटलं, आपणही दोन शब्द बोलावेत. त्याला जवळीक करायची होती, दुसरं काही नाही.

"अण्णा आणि मी एकच की," तो म्हणाला. "अण्णांचं आजोबा आमच्या शेजारच्या गावचं. माझं आई सांगतो. त्यांना मराठी येतच नव्हतं. अण्णा लहान होतं तेव्हा दुकानात बसून त्यांचं कानडी सांगायचं लोकांना."

मास्तर मांडीवर थाप मारून हसले. "म्हणजे अण्णासो, तुम्हीच खरे म्हैसूरवाले. आणि आम्ही इतकी वर्षं तुम्हाला कोल्हापूरकर समजत होतो."

मालक हसले नाहीत. हातातली कोय त्यांनी पाण्यात फेकली, उठले आणि म्हणाले, "चला पावणं. भोपळा बांधू."

भोपळ्यावर चन्नवीर तरंगला. जन्मात पहिल्यांदा. आपलं अंग पाण्यानं उचललं याचं त्याला इतकं नवल वाटलं की तो लहान मुलासारखा हातपाय मारत खिदळत होता. "हिराला सांगतो," म्हणाला. भावजी त्याला एका बाजूनं धरून होते, मालक दुसऱ्या बाजूनं. शेवाळाच्या पट्ट्यापलीकडे नेलं. तिथं मालकांनी त्याच्या पाठीवरची गाठ सोडली. भोपळे मोकळे झाले आणि वाऱ्यानं आपापले काठाकडे निघाले.

पहिल्यांदा दाबलं तेव्हा तो वर येऊन हसलाच. खोकत खोकत, पण हसला. चेष्टा चालली आहे एवढं त्याला समजत होतं. दुसऱ्यांदा वर आला तेव्हा हसत नव्हता. त्यानं मालकांचा दंड धरला आणि काहीतरी ओरडला. तोंडात पाणी होतं, पण भावजींना स्वच्छ ऐकू आलं. "बिडी रे," तो म्हणत होता. "बिडी रे, बिडी रे."

भावजींना हसू आवरेना. काठाकडे तोंड करून ते ओरडले, "मास्तर, दाजी पाण्यात बिडी मागाय लागल्यात."

मास्तर काठावर पाय पसरून एका पाणपक्ष्याकडे बघत होते. टिबुकली बुडी मारून कुठं वर येते ते त्यांना ओळखायचं होतं. ते तिकडूनच म्हणाले, "काडी ओली असेल म्हणावं."

"बिडी मिळणार न्हाय," मालक म्हणाले. "हरलो म्हणा, सोडतो."

पुन्हा दाबलं. भावजींनीही दाबलं, ते स्वतःच सांगतात. वर आला की तोच शब्द. "हरलो म्हणा." तोच शब्द. मग दाबलेलं डोकं ढकलून वर येईना, तेव्हा भावजींनी हात काढला आणि म्हणाले, "अण्णा, बास." मालकांचा हात तसाच होता. किती वेळ, ते भावजींनी सांगितलं नाही आणि मी विचारलं नाही. हात काढल्यावर चन्नवीर आपल्या आपण वर आला, पण पालथा.

मला त्या माणसाचा राग येतो. नवऱ्याचा राग येतो म्हणणाऱ्या बाईला लोक काय म्हणतात ते मला माहीत आहे. म्हणोत. मी रोज त्याच्या ताटात वाढत होते आणि रोज मला राग येत होता.

तिघांनी काठावरच काय सांगायचं ते ठरवलं. भोपळ्याची दोरी सुटली, पाय शेवाळात गुंतला, आम्ही काठावर जेवत होतो, धावलो, पण उशीर झाला. पंचनाम्यात हेच आलं. मास्तरांसारखा शिकलेला माणूस पंच म्हटल्यावर कोण कशाला शंका घेतो? मलाही हेच सांगितलं, हिरालाही हेच. हिरा ओरडली नाही. तिनं एवढंच विचारलं, "पाण्यात गेले कसे? त्यांना तर पाण्याची भीती वाटायची." मालक म्हणाले, "हौस. तरण्या पोराची हौस."

तार गेली. शिवम्मा, चन्नवीरची आई, सोमवारी दुपारी आली. उंच, काटक बाई, कपाळभर विभूती. तिला मराठीचा एक शब्द येत नव्हता. तिनं मुलाच्या पायाचे तळवे पदरानं पुसले, गाळ निघेपर्यंत पुसले, आणि मग जंगमांना म्हणाली की आता न्या. संध्याकाळच्या आत त्याला समाधी दिली. त्याच्या गावाकडे न्यायचं म्हणत होती, पण मालकांनी उन्हाचं कारण सांगितलं.

मंगळवारी सकाळी सोप्यात आम्ही सगळे बसलो होतो. आज चन्नवीर आणि हिरा गाडीत बसायची होती. शिवम्मा भिंतीला टेकून, शेजारी हिरा, समोर पाटावर मालक. मी दारात. प्रश्न एकच होता, हिरानं कुठं राहायचं. मालकांनी तो सोडवूनच टाकला होता. "आता कशाला तिकडं? माझ्या घरात खाईल. सांग त्यांना."

हिरानं सासूला सांगितलं. शिवम्मानं उलट एकच विचारलं, आणि हिरानं ते आम्हाला सांगितलं. "अत्ती विचारत्यात, शेवटी काय बोलले? आईचं नाव घेतलं का?"

"कुणाला ठावं?" मालक म्हणाले. "आमी काठावर होतो."

पण बाळासोभावजी उठले. दोन दिवस त्या माणसानं अन्नाला हात लावला नव्हता. त्यांनी सदऱ्याच्या खिशातून बिड्यांचा नवा कट्टा काढला आणि शिवम्मापुढं जमिनीवर ठेवला.

"समाधीवर ठेवाय आणलाय," ते म्हणाले. "दाजी बिडी मागत होते. घरच्यांपासून लपवून वढत असतील, तरणं माणूस, रागावू नका म्हणावं. पर शेवटची इच्छा हाय, ऱ्हाऊ नये."

"बाळ्या, खाली बस," मालक म्हणाले.

"न्हाय, सांगू दे. पाण्यातनं वर आले की म्हणायचे, बिडी रे, बिडी रे. शेवटपातुर तेच."

हिराला भाषांतर करावंच लागलं नाही. शिवम्मा भिंतीपासून सरळ झाली. बिड्यांकडे तिनं बघितलंही नाही. ती भावजींच्या ओठांकडे बघत होती. "बिडरी?" ती म्हणाली.

"व्हय, व्हय. तसंच," भावजी म्हणाले. बिचाऱ्याला बरं वाटलं की आईला पटलं.

मी हिराकडे बघितलं. तिच्या चेहऱ्यावर काही उरलंच नव्हतं. शिवम्मानं अगदी हळू, लहान मुलाला विचारावं तसं विचारलं, "यारिगे?"

मग हिरा म्हणाली, "अत्ती विचारत्यात, कुणाला?"

"म्हंजे?" भावजी म्हणाले.

"ते बिडी मागत नव्हते. आयुष्यात कधी ओढली न्हाय त्यांनी. बिडरी म्हणजे सोडा. लहानाला म्हणायचं तर बिडु. मोठ्या माणसाला, मान देऊन म्हणायचं, तर बिडरी." ती भावजींकडे वळली. "माणूस धरलेलं असल्याबिगर सोडा कोण म्हणंल, दादा? अत्ती विचारत्यात, कुणाला म्हणत होते?"

भावजींनी आपल्या दोन्ही हातांकडे बघितलं. मग त्यांनी सगळ्यांसमोर मालकांकडे बोट केलं, आणि मग तेच बोट आपल्या छातीवर ठेवलं. "मला न्हाय कळलं गं," ते म्हणाले. "मला कुठं कानडी येती? आमी हसत होतो."

मी मालकांकडे बघत होते. मला वाटलं होतं, आता हा माणूस दचकेल, कपाळावर हात मारून घेईल, निदान खोटं तरी बोलेल. त्यातलं काही झालं नाही. ते तसेच बसले होते, आणि त्यांना काही नवीन कळल्यासारखं दिसत नव्हतं. भावजींनाही ते दिसलं असावं.

"अण्णा," भावजी म्हणाले, "तुला कळलं होतं?"

मालकांनी पाटावरची सुपारी उचलली, अडकित्त्यात धरली, कातरली.

"या घरात काय नियम हाय?" ते म्हणाले. "मला सोडायचंच होतं. हरलो म्हणा, सोडतो, असं धा येळा सांगितलं. एवढा एक शब्द. मग मराठीत म्हणायचं की."

हिरा सासूकडे वळली आणि तिनं तेही तिला कानडीत सांगितलं, एक शब्द न गाळता.